परवान्यावर नाव तुमचे, पैसा दुसऱ्याचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या एका मोठ्या हॉटेलात नऊ वर्षे काम केलेला आणि सध्या सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा दुसरा शेफ, असलेला एक तरुण गंगापूर रोडला साठ आसनांचे रेस्टॉरंट काढू पाहतो आहे. ओळखीतले एक गृहस्थ पंचावन्न लाख रुपये घालायला तयार आहेत. त्यांतले चाळीस लाख ते रोख देणार, त्यांचे नाव कोणत्याही कागदावर येता कामा नये, सगळे परवाने शेफच्या नावावर निघावेत आणि शेफला नफ्यात तीस टक्के वाटा मिळावा, अशी त्यांची बोली आहे. दुसरीकडे, ज्यांच्या हाताखाली हा तरुण शिकला, ते शेफ त्याच रस्त्यावर रेस्टॉरंट चालवतात. त्यांनी याच्या ठरलेल्या तंदूरवाल्याला जास्त पगाराचा निरोप पाठवला आहे आणि याच्या हॉटेलात पैसा कोणाचा येतो आहे याबद्दल पुरवठादारांजवळ बोलायला सुरुवात केली आहे. हॉटेलच्या धंद्यात हे चालायचेच, असे मित्रांचे म्हणणे आहे. पैसे घ्यावेत का, आणि घेतले तर स्वतःला कसे सांभाळावे?

या अटींवर हे पैसे घेऊ नका. हे आधीच सांगते, कारण पुढचे वाचताना काहीतरी मार्ग निघेल ही आशा तुमच्या मनात राहिली, तर प्रत्येक वाक्यातून तुम्ही तीच शोधत बसाल. मी १९९८ पासून भटारखान्यात आहे. आधी मुंबईत, मग नाशिकला नोकरी केली आणि २०१२ पासून माझे स्वतःचे रेस्टॉरंट चालवते. रोख पैसा आणि पडद्यामागचा मालक हा प्रस्ताव माझ्याही वाट्याला आला होता आणि नोकरीच्या काळात मी तो अर्धवट स्वीकारलाही होता. त्याची हकीकत पुढे सांगते.

ते गृहस्थ तुमच्याकडून नेमके काय घेत आहेत, ते आधी पाहू. चांगला स्वयंपाकी त्यांना पगारावरही मिळाला असता. तुमचे नाव मात्र पगारावर मिळत नाही, म्हणून तीस टक्के. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याप्रमाणे परवाना ज्याच्या नावावर असतो, तो त्या ठिकाणी शिजणाऱ्या प्रत्येक गोष्टीला उत्तरदायी असतो, आणि १ जानेवारी २०२२ पासून परवान्याचा चौदा अंकी क्रमांक प्रत्येक बिलावर छापावा लागतो. म्हणजे ग्राहकाच्या हातात पडणारा प्रत्येक कागद तुमच्याकडे बोट दाखवणार. कंपनी काढली तरी सुटका होईलच असे नाही, कारण याच कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे कंपनी एखाद्या संचालकाला किंवा व्यवस्थापकाला लेखी नेमून त्या जागेची जबाबदारी त्याच्यावर सोपवू शकते, आणि त्यासाठी नमुना नऊ भरून द्यायचा असतो. अनेक शेफ हा कागद परवान्याच्या इतर कागदांच्या गठ्ठ्यात न वाचता सही करून देतात. नऊ वर्षांत तुम्हीही कधी सही केली असेल, तर ती कोणत्या जागेसाठी होती आणि ती जागा सोडताना दुसऱ्याचे नाव लागले का, हे आजच तपासून घ्या.

रोख चाळीस लाखांचे म्हणाल, तर त्यात पहिला सापडणारा माणूस घेणारा असतो, हे फार कमी लोकांना ठाऊक असते. १ एप्रिल २०१७ पासून एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगाशी निगडित व्यवहारांत दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास प्राप्तिकर कायद्याने मनाई आहे, आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो, तो घेणाऱ्याला भरावा लागतो. रक्कम कर्ज म्हणून दाखवावी म्हटले, तर तिथली मर्यादा त्याहून कडक, वीस हजारांची आहे. रक्कम वहीत तुमच्या नावावर दिसली आणि ती कोठून आली हे तुम्हाला सिद्ध करता आले नाही, तर ती तुमचेच उत्पन्न धरली जाते आणि तिच्यावर कोणतीही वजावट न देता कर लागतो. शिवाय, पैसा एकाचा, लाभ त्याचाच आणि नाव दुसऱ्याचे, अशी मालमत्ता १९८८ च्या आणि २०१६ मध्ये कडक झालेल्या कायद्याखाली बेनामी ठरू शकते. त्यात एक ते सात वर्षांची कैद आणि मालमत्तेच्या बाजारभावाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड आहे, आणि ही शिक्षा नाव देणाऱ्यालाही आहे. हे सारे तुमच्या त्या गृहस्थांच्या सनदी लेखापालाला पक्के ठाऊक असणार. तुम्ही मात्र या व्यवहारासाठी स्वतःचा सनदी लेखापाल अजून गाठलेला नाही, असे प्रश्नावरून दिसते.

तो पैसा वाईटच असेल असे मी गृहीत धरत नाही. नाशिकच्या भोवताली गेल्या वीस-पंचवीस वर्षांत शेतजमिनी विकल्या गेल्या, द्राक्ष आणि कांद्याच्या व्यापारात रोख फिरते, आणि पिढीजात सरळ माणसांकडेही अशी रक्कम असते जिचा कागद त्यांना नीट दाखवता येत नाही. पण पैशाचा उगम चांगला आहे की वाईट, हे त्या माणसाच्या तोंडावरून ठरवायची आपल्यावर वेळच येऊ नये. ज्याचा पैसा स्वच्छ आहे, त्याला तो बँकेतून देता येतो आणि नोंदणीकृत भागीदारीत नाव लावायला त्याची हरकत नसते.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचे आहे तिच्याकडे येते. रेस्टॉरंटच्या व्यवहारातला खोटेपणा सगळ्यांत आधी शेफला दिसतो. वकील आणि हिशेबनीस कागद पाहतात. तुम्ही कणीक, कोंबडी आणि गॅस पाहता. या धंद्यात वाकडा पैसा दोन वाटांनी चालतो आणि दोन्हींच्या खुणा एकमेकींच्या उलट असतात. पहिल्या वाटेने जाणारा मालक विक्री लपवतो. कच्चे बिल देतो, संगणकातली बिले रात्री पुसतो, काउंटरवर फर्मच्या क्यूआरशेजारी मेहुण्याचा क्यूआर ठेवतो. दुसऱ्या वाटेने जाणारा विक्री वाढवून दाखवतो, कारण त्याच्याकडे बाहेरून आलेली रोख आहे आणि ती हॉटेलचा गल्ला म्हणून बँकेत भरायची आहे. त्यावर तो पाच टक्के जीएसटी आणि प्राप्तिकर आनंदाने भरतो, आणि लोकांना वाटते की हा मालक किती सरळ! वाढीव विक्री दाखवणाऱ्या जागी शेफ अधिक गाफील राहतो, कारण तिथे पगार वेळेवर होतात, नवा ओव्हन मागितला की येतो, आणि टेबले रिकामी असूनही कोणी ओरडत नाही.

तुमच्याच साठ आसनांचा हिशेब करू. महिन्यातले बावीस दिवस रोज सत्तर माणसे आणि शनिवार-रविवार धरून आठ दिवस रोज एकशे तीस माणसे जेवली, असे धरा. एकूण २,५८० माणसे होतात. माणशी सरासरी बिल ४५० रुपये धरले, तर विक्री ११,६१,००० रुपये. पनीर, लोणी आणि कोंबडी वापरणाऱ्या आपल्याकडच्या भटारखान्यात कच्च्या मालाचा खर्च विक्रीच्या तेहतीस टक्क्यांच्या आसपास राहिला, तर चांगले चालले आहे असे मी समजते, म्हणजे सुमारे ३ लाख ८३ हजार. आता वहीत विक्री वीस लाख दिसली आणि स्टोअरमधून माल तेवढाच गेला असेल, तर मालाचा खर्च एकोणीस टक्क्यांवर येतो. असा भटारखाना मी उभ्या आयुष्यात पाहिलेला नाही. उलट वहीत विक्री सात लाखच दिसली, तर तोच खर्च पंचावन्न टक्क्यांवर जातो, आणि मग मालक तुमच्यावर चोरीचा आळ घेऊन तुम्हाला गप्प करतो. हा आळ घेण्याचा प्रकार मी दोन चांगल्या शेफच्या बाबतीत पाहिला आहे. चोरी गल्ल्यावर होत होती आणि बदनाम स्टोअर झाले.

हुशार मालक मालाची खोटी बिलेही आणतो, म्हणजे टक्केवारी जुळते. कोंबडी न येता कोंबडीचे बिल येते. म्हणून मी माझ्या माणसांना तीन गोष्टी मोजायला शिकवते, ज्या खोट्या करणे अवघड जाते. पहिली गोष्ट गॅस. तंदूर कोळशाचा असेल, तर माझ्याकडे एकोणीस किलोचा एक सिलिंडर साधारण एकशे दहा माणसांच्या जेवणाला पुरतो. २,५८० माणसांना तेवीस-चोवीस सिलिंडर लागतात. वीस लाखांच्या विक्रीची म्हणजे साडेचार हजारांच्या जवळपास माणसे खरोखर जेवली असती, तर चाळीस लागले असते, आणि गॅस एजन्सीची नोंद कोणा पुरवठादाराच्या बिलबुकाइतकी लवचिक नसते. दुसरी गोष्ट कणीक. एका किलोच्या साधारण सोळा तंदुरी रोट्या होतात, माणशी अडीच रोट्या धरल्या, तर महिन्याला चारशे किलो लागते. सातशे किलो कागदावर आली असेल, तर ती ठेवली कोठे, हा प्रश्न पडतो, कारण तुमच्या कोठीची लांबी-रुंदी तुम्हाला माहीत आहे. तिसरी गोष्ट मोरी. भांडी घासणाऱ्या माणसाचा ओव्हरटाइम. चारशे ताटांच्या रात्री मोरीवरचा माणूस एक वाजता घरी जात नाही.

ही मोजदाद मला कोणी पुस्तकातून शिकवली नाही. २००८ च्या सुमारास शहराबाहेरच्या एका रेस्टॉरंटची मी मुख्य शेफ होते. शेजारी छोटा हॉल होता. मालकांनी मला वीस टक्के भागीदार करून घेतले, तेव्हा मला कौतुक वाटले होते, कारण त्या काळी भटारखान्यातल्या बाईला भागीदारी देणारे कोणी नव्हते. खरेदीच्या बिलांवर आणि स्टोअरच्या वहीवर माझी सही चाले. दीड वर्षाने प्राप्तिकर खात्याची पाहणी आली, आणि एका अधिकाऱ्यांनी मला शांतपणे विचारले की अमुक तारखेला हॉलमध्ये दोनशे माणसांची पार्टी झाली, तर त्या रात्री गोडात काय होते? मला काहीच सांगता येईना, कारण त्या रात्री हॉल बंद होता. अशा अकरा पार्ट्या निघाल्या. पैसे आलेले, बिले फाडलेली, जेवायला कोणीही नाही. कोंबडीच्या आणि तांदळाच्या बिलांवर सह्या माझ्या. महिनाअखेरीस गठ्ठ्याने आलेली बिले मी न वाचता सही करून देत असे.

मला वाचवले ते एका साध्या दोनशेपानी वहीने. मुंबईत माझ्या पहिल्या शेफनी सवय लावली होती की रात्री भट्टी विझवल्यावर पाच ओळी लिहायच्या : आज किती ताटे गेली, कोणती ग्रेव्ही किती उरली, काय फेकले, कोण गैरहजर होते आणि उद्याला काय भिजवले. त्या वहीत अकरापैकी नऊ तारखांना 'हॉल बंद' असे माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. तरीही सगळे निस्तरायला तीन वर्षे गेली, भागीदारीतले माझे पैसे मिळाले नाहीत, आणि पुढे स्वतःसाठी कर्ज मागायला गेले तेव्हा त्या प्रकरणाचे कागद मला दर वेळी सोबत न्यावे लागले. त्या काळात माझ्या आईने एकदाही मला दोष दिला नाही. रोज रात्री वही लिहिलीस का, एवढे मात्र ती विचारत असे. म्हणून तुम्ही पुढे कोणाबरोबरही काम करा, ही वही स्वतःची ठेवा, घरी न्या, आणि ज्या मालाची पोती तुमच्या माणसाने मोजून उतरवली नाहीत, त्या बिलावर सही करू नका.

भागीदारी करायचीच असेल तर तिचा आकार काय असावा, याबद्दल थोडे. १९३२ च्या भागीदारी कायद्यात प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला एकत्रितपणे आणि एकटाही जबाबदार असतो. तीस टक्क्यांचा भागीदार म्हणजे तीस टक्के देणे, ही समजूत चुकीची आहे. बाकीचे सापडले नाहीत, तर शंभर टक्के वसुली तुमच्याकडून होऊ शकते. फर्मची नोंदणी केलेली नसेल, तर करारातला हक्क मागायला तुम्हाला भागीदाराविरुद्ध दावा लावता येत नाही. बाहेर पडताना जाहीर सूचना दिली नाही, तर नंतरच्या व्यवहारांतही तुम्हाला ओढता येते. मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, मला शेफसाठी अधिक बरी वाटते. तिथे फसवणुकीचा भाग नसेल, तर देणे तुमच्या हिश्श्यापुरते राहते, आणि भागीदारांची नावे सरकारी नोंदीत सर्वांना दिसतात. त्या गृहस्थांपुढे एलएलपीचा प्रस्ताव ठेवून पाहा. पंचावन्नच्या जागी पंधरा लाखच द्या, पण बँकेतून द्या आणि नाव लावा, असे म्हणा. ते तयार झाले, तर बोलणी पुढे न्यायला माझी हरकत नाही.

परमिट रूमचा विषय त्यांनी अजून काढला नसेल, पण काढतील, कारण पैसा तिथे फिरतो. एफएल-३, म्हणजे परमिट रूमचा मद्यपरवाना असलेली बंद पडलेली जागा चालवायला घेऊ, परवाना जुन्या माणसाच्याच नावावर राहू दे, असे सुचवले जाते आणि शहरात अशी उदाहरणेही तुम्हाला दाखवली जातील. परवान्यात भागीदार घालायला किंवा काढायला रीतसर परवानगी लागते. ती न घेता चालवलेल्या जागेत बाटलीत काही मिसळलेले निघाले, तर परवानाधारक आणि चालवणारा दोघेही उभे राहतात. सुरुवातीची दोन वर्षे तरी जेवणावरच उभे राहा, हा माझा आग्रह आहे.

गच्चीवर आसने टाकू, असेही कोणी सांगेल. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटांत लागलेल्या आगीत चौदा माणसे गेली आणि तिथल्या रेस्टॉरंटांच्या मालकांना अटक झाली. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे नमुना 'ब' प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचे असते. नाव तुमचे असेल, तर ही तारीखही तुमची असते.

भाड्याबद्दल एक सांगायला हवे, कारण सध्या गंगापूर रोड, त्र्यंबक रोड आणि मुंबई नाका या पट्ट्यात २०२७ च्या सिंहस्थाचे नाव घेऊन भाडी सांगितली जात आहेत. २०१५ च्या सिंहस्थात मी तीन दिवसांचा माल भरून ठेवला होता. २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला रस्ते बंद झाले, माझे स्वतःचे वेटर पोहोचू शकले नाहीत, रोजचे गिऱ्हाईक घरात बसले, आणि भाविक घाटाकडून अन्नछत्राकडे व तिथून परत गेले. साठ लिटर दूध आणि चाळीस किलो पनीर मी त्या आठवड्यात वाटून टाकले. सिंहस्थाच्या गर्दीवर पाच वर्षांचे भाडे ठरवू नका. रोजच्या मंगळवारच्या गिऱ्हाइकावर ठरवा, आणि लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणीकृतच करा, तोही त्याच नावाने ज्या नावाने अन्न परवाना निघणार आहे.

तुमच्या जुन्या शेफचे वागणे तुम्हाला फार लागले आहे, हे पत्रावरून कळते. ज्याने सुरी धरायला शिकवली, त्याने माणूस पळवावा, याचे दुःख मला समजते. तरीही तंदूरवाल्याला रोखायला कायद्याचा आधार शोधू नका. करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे कोणालाही त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारी अट शून्य ठरते, त्यामुळे 'इथून गेल्यावर दोन वर्षे या रस्त्यावर काम करणार नाही' अशी लिहून घेतलेली अट टिकत नाही. हाच नियम तुमच्याही बाजूने आहे, कारण तुमच्या सध्याच्या हॉटेलने असे काही लिहून घेतले असेल, तर तेही तुम्हाला अडवू शकत नाही. पाककृतींची गुप्तता पाळण्याचे वचन मात्र वेगळे असते आणि ते पाळावे. मोठी उचल देऊन माणूस बांधून ठेवायचा सल्ला तुम्हाला मिळेल. उचलीच्या बदल्यात माणसाला अडकवणे १९७६ च्या वेठबिगारीच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि आधारकार्ड काढून घेणारे मालक मी पाहिले आहेत, त्यांच्याकडे चांगला कारागीर टिकलेला मी पाहिला नाही. तंदूरवाल्याला साप्ताहिक सुट्टी द्या, भट्टीसमोर धूर खेचणारा पंखा आधी बसवा, पगार ठरल्या तारखेला बँकेत टाका. जून महिन्यात चाळीस अंशांच्या आठवणी ताज्या असताना माझा तंदूरवाला दोन हजार रुपये कमी घेऊन माझ्याकडे राहिला होता, आणि कारण तो पंखाच होता.

एका माणसावर सगळी चव अवलंबून ठेवू नका, हे त्याच्या जोडीने करायचे काम. मसाला तोळा-मासा अंदाजाने न घालता ग्रॅममध्ये लिहून ठेवा, मॅरिनेशन आणि मूळ ग्रेव्ही सकाळी स्वतः किंवा दुसऱ्या विश्वासू हाताने करून घ्या, म्हणजे तंदूरवर उभा असलेला माणूस बदलला तरी कबाब तोच राहतो. रेस्टॉरंटचे नाव ट्रेडमार्कच्या ४३ व्या वर्गात नोंदवा, आणि नोंदणी कोणाच्या नावाने होते याकडे भांडवलाइतकेच लक्ष द्या. खरेदी करणाऱ्या माणसाला पुरवठादाराकडून कमिशन मिळू लागले की कुरापतींना घरातच जागा होते, म्हणून आठवड्यातून एक दिवस मी अजूनही स्वतः पंचवटीतल्या बाजार समितीत जाते. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या मालाला रोख खर्चाची दहा हजारांची मर्यादा आड येत नाही. व्यापाऱ्याला मात्र एका दिवशी दहा हजारांवर रोख दिली, तर तो खर्च प्राप्तिकरात धरला जात नाही.

स्पर्धा पुढे तक्रारींपर्यंत जाते. तुमच्याविरुद्ध अन्न व औषध प्रशासनाकडे निनावी तक्रार गेली, तर घाबरून कोणाला 'सेटिंग' करायला सांगू नका, कारण तिथूनच तुम्ही दुसऱ्याच्या हातात सापडता. अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घेतात, तेव्हा त्याचे चार भाग करतात. त्यांतला एक भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा, अशी मागणी तुम्हाला तिथल्या तिथे लेखी करता येते. अन्न विश्लेषकाचा अहवाल विरुद्ध गेला, तर तीस दिवसांत अपील करता येते. सुधारणेची नोटीस आली, तर निदान चौदा दिवसांची मुदत मिळायला हवी. तळणीच्या तेलात पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणाऱ्या ध्रुवीय संयुगांचे प्रमाण पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, त्याची चाचणी करायची पट्टी बाजारात मिळते. आठवड्याला एक पट्टी वापरून तारखेसह वहीत चिकटवा. कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी, पाण्याचा अहवाल आणि पेस्ट कंट्रोलची पावती एका फायलीत असली, तर तपासणी अर्ध्या तासात उरकते आणि तक्रार करणाऱ्याचा हेतू तिथेच संपतो.

आता तुमच्यासाठी मला योग्य वाटणारा मार्ग सांगते. साठ आसने सोडा, चोवीस घ्या. नऊ वर्षांची तुमची बचत, मुद्रा योजनेतून बँकेकडे मागता येणारे दहा लाखांपर्यंतचे कर्ज आणि जुनी पण चांगल्या स्थितीतली उपकरणे, यांत गंगापूर रोडच्या मुख्य रस्त्यावर नाही, पण आतल्या गल्लीत किंवा इंदिरानगर-पाथर्डी फाट्याच्या बाजूला छोटी जागा उभी राहू शकते. पदार्थ पंचवीसच्या वर नेऊ नका. पहिल्या वर्षी तुमच्या हाती फारसे पैसे उरणार नाहीत, हेही लिहून ठेवते. माझ्या हाती पहिल्या चौदा महिन्यांत घरभाड्यापुरतेही उरले नव्हते, आणि मी संध्याकाळी बंद केल्यावर दोन घरांचे डबे करत असे.

त्या गृहस्थांना नकार कळवताना फोनवर सांगू नका, भेटून सांगा आणि घरी येऊन त्यांना दोन ओळींचा संदेश पाठवून ठेवा की आपण रोख रक्कम घेतलेली नाही आणि परवान्यासाठी नाव दिलेले नाही. त्यांच्याकडे तुमच्या आधारकार्डाच्या, पॅनच्या प्रती किंवा कोऱ्या कागदावरची सही गेली असेल, तर ती परत मागा. त्यानंतर, दुपारी साडेतीन ते पाच या वेळेत भटारखाना शांत असतो तेव्हा, तुमच्या जुन्या शेफकडे जा. त्यांच्याशी तंदूरवाल्याबद्दल वाद घालू नका. पैसा कोणाचा आहे असे ते विचारत होते ना, तर तो घेतलेला नाही आणि चोवीस आसनांची जागा काढतो आहे, एवढे त्यांना तोंडावर सांगा, आणि भट्टी कोणाकडून बांधून घेऊ ते विचारा.